घरात लहान मूल असेल तर पिल्लू नको, मोठा कुत्रा आणा

मुळाकाठची

नणंदेच्या घरी सध्या कुत्रा आणायचं घाटतंय. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोनची, बावधनला दोन बेडरूमचा फ्लॅट, नवराबायको दोघं नोकरीला आणि दिवसभर घरी सासूबाई. मुलाच्या वाढदिवसाला लॅब्रेडॉरचं पिल्लू आणायचं जवळपास नक्की झालंय. मी विरोध केला तर मला थेट कुत्र्यांची दुश्मन ठरवण्यात आलं. माहेरी माझ्या जन्माआधीपासून कुत्री आहेत हे त्या वेळी कोणाला आठवलं नाही. असो.

माझं म्हणणं असं: घरात चार-साडेचार वर्षांखालचं मूल असेल तर दोन महिन्यांचं पिल्लू आणू नये. दोन वर्षांच्या पुढचा, कुणाच्या तरी घरात राहिलेला, लहान मुलांची सवय असलेला कुत्रा दत्तक घ्यावा. जात कुठली हा प्रश्न त्यानंतरचा. गावठी असला तरी उत्तम.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि ते भयंकर टोकदार असतात. सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ते समोर येईल ते चावतं. चपला, सोफ्याचे पाय, मुलांचे घोटे. त्यात दुष्टपणा काही नसतो. पण दोन वर्षांची मुलगी किंचाळत पळणार, पिल्लाला तो खेळ वाटणार, ते मागे धावणार. रोज हेच चालू राहिलं की मुलगी कुत्र्याला घाबरायला लागते आणि कुत्र्याची रवानगी बाल्कनीत होते. असे बाल्कनीतले लॅब्रेडॉर पुण्यात सोसायटी-सोसायटीत आहेत. आठ महिन्यांत लॅब पंचवीस किलोच्या आसपास जातो, डोकं मात्र पिल्लाचंच असतं. दोन वर्षांचं मूल असतं बारा किलोचं. प्रेमाने अंगावर आला तरी मूल आडवं.

शी-शूचं तर बोलायलाच नको. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी न्यावं लागतं, रात्रीही एकदा उठावं लागतं. लसींचा कोर्स चार महिन्यांच्या सुमारास पुरा होतो, तोवर खाली रस्त्यावर सोडू नका असं सांगतात, म्हणजे सगळा कारभार घरातच. हे कोण करणार? ज्या घरात एक डायपर अजून सुटलेला नाही तिथे?

मोठ्या कुत्र्याचं सगळं समोर असतं. केवढा होणार, किती भुंकतो, एकटा राहतो का, ताटाजवळ कोणी आलं तर काय करतो, कुकरच्या शिट्टीला घाबरतो का, हे सगळं विचारून घेता येतं.

नेटवर 'कुटुंबासाठी सर्वोत्तम दहा जाती' अशा याद्या मिळतात. त्या अंगण आणि थंड हवा असलेल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. त्या वाचून आपल्याकडे हस्की आणतात आणि एप्रिलमध्ये तो फरशीवर पोट टेकून दिवसभर धापा टाकतो. पगचं वेड तर २००३च्या त्या मोबाइलच्या जाहिरातीपासून. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही हे जाहिरातीत कुठे होतं?

बोला.

लॅबवाला बाबा

संपूर्ण असहमत.

लॅब आणि गोल्डन रिट्रिव्हर या जाती माणसाबरोबर काम करायला पिढ्यान्पिढ्या निवडून तयार केल्या आहेत. शिकार केलेला पक्षी दात न लावता उचलून आणायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा, हे त्यांचं मूळ काम. अंध लोकांचे मार्गदर्शक कुत्रे बहुतेक याच दोन जातींचे का असतात? उगाच नाही. आमच्या घरी लॅबच्या पिल्लाबरोबर दोन मुलं वाढली. मुलगी त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची.

तुमचा 'मोठा दत्तक कुत्रा' कुठून आला हे कोण सांगणार? त्याला कोणी दगड मारले, लहान मुलांनीच शेपटीला फटाके बांधले, काही कळत नाही. सहा महिने गरीब गाय असतो आणि एके दिवशी पोराने काठी उचलली की काय होईल याचा नेम नाही. पिल्लू म्हणजे कोरी पाटी. आपण लिहू ते.

मुळाकाठची

@लॅबवाला बाबा, पाटी कोरी नसते. पिल्लाचा माणसांशी, आवाजांशी, मुलांशी ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतचा. आठ आठवड्यांचं पिल्लू तुमच्या हातात येतं तेव्हा त्यातला निम्मा काळ विकणाऱ्याकडे गेलेला असतो, कुठल्या तरी शेडमध्ये, पिंजऱ्यात. आणि आठ आठवडे हे मी कायद्याप्रमाणे म्हणतेय. २०१७च्या कुत्रे पैदास आणि विक्री नियमांत त्याआधी पिल्लू विकायला बंदी आहे. प्रत्यक्षात तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकतात, कारण त्या वयात ती गोंडस दिसतात. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. ते शिकायच्या आतच त्याला उचललेलं असतं.

परळकर

सोसायटीवाले काय म्हणतात ते आधी बघा! (पशू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत. महापालिकेचा परवाना मात्र काढावा लागतो. चेअरमनला हे छापून द्या.)

कोथरूडची आजी

मी तिसराच मुद्दा मांडते. कुत्रा नको. पिल्लू नको, मोठा नको, लॅब नको, गावठी नको.

धाग्यात एक वाक्य येऊन गेलं, 'दिवसभर घरी सासूबाई'. त्यावर कोणी थांबलं का? मुलगा ऑफिसला, सून ऑफिसला, नातवंडं शाळेत, आणि तो मोत्या-शेरू कोणाच्या गळ्यात? सकाळ-संध्याकाळ खाली कोण नेणार? माझ्या बहिणीला तिच्या मुलाच्या लॅबने मांजर दिसल्यावर असं खेचलं की मनगट मोडलं. प्लास्टर तिच्या हाताला आणि सगळ्यांना काळजी कुत्र्याला आता कोण फिरवणार याची.

कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो. आज पाच वर्षांचा मुलगा हट्ट करतोय. तो बारावीला असेल, क्लासला सकाळी सहाला जाईल, तेव्हा कुत्रा म्हातारा, गुडघे धरलेला. त्याचं करणारी मी तोवर आहे की नाही कोणास ठाऊक. गावी जायचं तर कुत्र्याला कुठे ठेवायचं? दिवाळीत चार दिवस फटाक्यांना घाबरून पलंगाखाली बसतो, त्याच्याजवळ कोण बसणार?

मला कुत्री आवडतात हो. दुसऱ्यांची.

बघ्या

आजींना +१००. पोपट पाळा, जागा कमी लागते.

परळकर

@बघ्या, आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२.

बघ्या

मग मासे. मी चाललो.

सांगलीची पशुवैद्य

दवाखान्यातून लिहितेय, तुकड्यातुकड्यात जमेल तसं.

लॅबवाल्यांशी आणि धागाकर्तीशी दोघांशीही माझं अर्धं जमतं. मुलाला चावला म्हणून माझ्याकडे आणलेली कुत्री बहुतेक घरचीच असतात. अनोळखी, पिसाळलेली, रस्त्यावरची नाहीत. घरची, ओळखीची, 'कधीच काही करत नाही' अशी. आणि प्रसंगही ठरलेले. कुत्रा झोपला होता आणि मूल अंगावर पडलं. खात होता आणि मुलाने ताटात हात घातला. कोपऱ्यात बसला होता आणि मुलाने मिठी मारली. मिठी आपल्याला प्रेमाची वाटते, कुत्र्याला ती पकड वाटते. पाच वर्षांच्या मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं म्हणून जखम चेहऱ्याला होते.

'पोटावर डोकं ठेवून झोपायची' असे फोटो मला रोज व्हॉट्सॲपवर येतात. त्यात मी मुलाकडे बघत नाही, कुत्र्याकडे बघते. तोंड फिरवलेलं असतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसत असतो, जीभ नाकावर गेलेली असते, जांभई चाललेली असते. तो सांगतोय की बास झालं. मग अंग ताठ होतं, मग गुरगुरतो. लोक गुरगुरल्यावर फटका मारतात. फटक्याने गुरगुरणं बंद होतं, वैताग तसाच राहतो. पुढच्या वेळी तो न सांगता चावतो आणि मालक म्हणतात, 'डॉक्टर, काही कारण नसताना चावला.'

लॅब चावत नाही हे खोटं आहे. लॅब सहन खूप करतो हे बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच पालक बेफिकीर होतात.

लॅबवाल्यांना आणखी एक. या कुत्र्याची भूक संपत नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना बऱ्याच लॅब्रेडॉरमध्ये पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट न पोचवणारा जनुकीय बदल सापडला. लहान मुलांच्या घरात खाली सांडलेलं बिस्कीट, पराठ्याचा तुकडा, खिरीतले मनुके सगळं त्याच्या पोटात. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याला विषारी असतात, चॉकलेट आणि कांदाही. तीन वर्षांत चाळीस किलोला गेलेले लॅब माझ्याकडे येतात, त्यांचे सांधे उभं राहताना कुरकुरतात.

धागाकर्तीला: मोठा कुत्रा घ्या हे बरोबर. पण शेल्टरच्या पिंजऱ्यात बघून घेऊ नका. शंभर कुत्र्यांच्या भुंकण्यात कोणाचाच खरा स्वभाव दिसत नाही. घाबरलेला गप्प बसतो, त्याला लोक 'शांत' म्हणतात. फॉस्टर घरात, म्हणजे दत्तक जाईपर्यंत कुत्रा तात्पुरता सांभाळणाऱ्यांकडे, शक्यतो मुलं असलेल्या घरात, दोन-तीन महिने राहिलेला घ्या.

नऊ टक्के

जातीवर इतकं बोलणं चाललंय म्हणून. २०२२मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती, दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए. निष्कर्ष: एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीने जेमतेम ९ टक्के समजावून सांगता येतात. किती लवकर चिडतो याचा अंदाज तर जातीवरून जवळपास बांधताच येत नाही.

म्हणजे 'लॅब आहे, काही करणार नाही' आणि 'गावठी आहे, भरवसा नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच लायकीची.

कारवानीवाला

नऊ टक्केसाहेब, तुमचा अभ्यास माझ्या कुत्र्याला वाचून दाखवा एकदा.

आमच्याकडं सोलापूर भागात कारवानी पाळतात. कर्नाटकात याच घराण्याला मुधोळ म्हणतात, सैन्यानंबी मेरठला नेऊन तयार केलेत. घरात असला की आवाज नाही, कोपऱ्यात अंग मुडपून पडतो. पण शेतात काहीतरी पळताना दिसलं की संपलं. ससा असो, शेळीचं करडू असो, प्लास्टिकची पिशवी असो. शिकवलं कुणी? कुणीच नाही. माझा पोरगा चार वर्षांचा, त्याला सांगून ठेवलंय की कुत्रा मोकळा असताना पळायचं नाही. चावायचा नाही तो, पण मागं लागला तर पाडणार.

आणि अंगाला अंग लावून घेत नाही. शेपूट धरलेली चालत नाही. मायेचा आहे, पण त्याच्या त्याच्या पद्धतीनं. पुण्याच्या ताईंना सांगतो, हल्ली 'देशी घ्या' म्हणून लोक कारवानीची पिल्लं फ्लॅटमधे नेतात. नका नेऊ. त्याला रोज मोकळं सुटून पळायला लागतं. नाही मिळालं तर घर फाडतो.

नऊ टक्के

@कारवानीवाला, तुमचं बरोबर आहे आणि अभ्यासाशी त्याचं भांडणही नाही. मागे धावणं, उचलून आणणं, सांगितलेलं ऐकणं या गोष्टींत जातीचा हात जास्त दिसतो. चिडखोरपणात नाही. पालकांना भीती दुसऱ्या गोष्टीची असते आणि ते जातीची यादी बघून तिचं उत्तर शोधतात.

लेस्टरची सून

इंग्लंडमधून लिहितेय, कारण इथे हाच वाद संसदेपर्यंत गेला. एक्सएल बुली नावाच्या कुत्र्यांनी माणसं मारली, त्यात मुलंही होती. १ फेब्रुवारी २०२४पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. प्रमाणपत्र असलं तरी बाहेर तोंडाला मुसकं आणि गळ्यात पट्टा हवाच.

नऊ टक्क्यांचा हिशेब मला पटतो, पण तो अर्धा आहे. कुत्रा चिडेल की नाही एवढंच बघून कसं चालेल? चिडला तर काय होईल? पाच किलोचा पॉमेरेनियन चिडला तर दोन टाके. पंचावन्न किलोचा चिडला तर ॲम्ब्युलन्स. लहान मुलांच्या घरात स्वभाव कितीही चांगला असला तरी मी रॉटवायलर आणणार नाही.

परळकर

भारतातही केंद्राने १२ मार्च २०२४ला पत्र काढून पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं. संबंधितांशी चर्चा न करता काढलं म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं.

लॅबवाला बाबा

@लेस्टरची सून, मग त्याच न्यायाने माझा लॅबच बरा ना? चिडखोरी सगळ्यांत सारखी म्हणा, पण लॅब ऐकतो. आत्ताच नऊ टक्के म्हणाले, ऐकण्यात जातीचा हात असतो. लहान मुलांच्या घरात 'बस', 'सोड', 'इकडे ये' हे तीन शब्द ऐकणारा कुत्रा पाहिजे. गावठी हुशार असतो, मान्य. पण तो आधी विचार करतो की ऐकायचं का.

आणि @सांगलीची पशुवैद्य, फोटोतल्या डोळ्यांचं वाचून मी जुने अल्बम काढले. आमचा सुलतान सगळ्या फोटोंत लोळतोय. पोट वर. त्याचा काय अर्थ लावायचा?

सांगलीची पशुवैद्य

अंग सैल आणि तोंड उघडं असेल तर मजेत आहे. पोट वर पण शेपूट पायांत आणि ओठ मिटलेले असतील तर 'मला सोडा' म्हणतोय. सुलतान बहुधा मजेत असावा. पण सुलतान एक आहे, माझ्याकडे रोज वेगवेगळे येतात.

फॉस्टरची आई

आम्ही मोठाच कुत्रा घेतला, गावठी, कुत्री खरं म्हणजे, तीनेक वर्षांची. नसबंदी आणि लसीकरण झालेली. ठाण्यातल्या एका फॉस्टर घरात होती, तिथे सात वर्षांचा मुलगा होता. आमची मुलगी तेव्हा साडेचारची. धागाकर्तीच्या बाजूने लिहिणार आहे, पण ज्या गोष्टी कोणी सांगत नाही त्या आधी.

ती घरात शू करतच नव्हती. ऐकायला छान वाटतं. पण धो धो पाऊस असला तरी तिला बाहेरच जायचं, तेही तिच्या पसंतीच्या भिंतीपाशी. गॅलरीत कृत्रिम गवत अंथरून पाहिलं, त्यावर झोपली. डिलिव्हरीवाल्या प्रत्येकावर भुंकायची, कारण रस्त्यावर तेच तिचं काम होतं. पहिला महिना पलंगाखाली. मुलीला सक्त ताकीद होती की आपण तिच्याकडे जायचं नाही, ती येईल. चार वर्षांच्या मुलीला हे पाळायला लावणं हे कुत्रीला शिकवण्यापेक्षा अवघड होतं. वाढदिवसाची भेट म्हणून कुत्रा आणला असता तर मुलीने हे ऐकलंच नसतं, 'माझी आहे' म्हणाली असती.

आणि जेवणाच्या भांड्याजवळ ती कोणाला येऊ देत नाही. अजूनही. ही गोष्ट फॉस्टरच्या ताईंनी पहिल्या फोनवरच सांगितली होती, म्हणून आम्ही स्वयंपाकघराला लहान मुलांसाठी लावतात तो कठडा लावला आणि तिचं जेवण कठड्याच्या आत. पिल्लू घेतलं असतं आणि त्याला ही खोड लागली असती तर ती आम्हाला पहिल्यांदा कशी कळली असती, याचा विचार करा.

बाकी आजारपण कमी, केस कमी, खाणं लॅबच्या निम्मं. आणि विकत घ्यायला शून्य रुपये. गोचीड मात्र बघावी लागते, पावसाळ्यात जास्त.

कोथरूडची आजी

तुमच्या घरी दिवसा कोण असतं?

फॉस्टरची आई

मी. शिकवण्या घरून घेते.

कोथरूडची आजी

तेच विचारायचं होतं.

मुळाकाठची

आजी, तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि मी तो नणंदेला जसाच्या तसा पाठवला. तिच्या सासूबाईंना आजवर कोणी विचारलंच नव्हतं! त्यांनी सांगितलं, 'सकाळी मी फिरायला जातेच, बरोबर येऊ दे. पण माझ्या गुडघ्याला झेपेल असा. आणि शी मी उचलणार नाही.' म्हणजे वीस किलोच्या वरचा कुत्रा बाद, मग लॅब आपोआप बाद. गावठी बहुतेक पंधरा-वीसच्या आसपास असतात. लॅबवाले बाबा, हे मी मुद्दाम घडवून आणलेलं नाही, शपथ.

ऐकणाऱ्या कुत्र्याबद्दल: 'बस' आणि 'सोड' दोन वर्षांच्या गावठीलाही शिकवता येतं. लॅबला लवकर येतं, मान्य. पण नणंदेकडे शिकवायला वेळ कोणाकडे आहे? शिकवलेला लॅब आणि न शिकवलेला लॅब यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि न शिकवलेला लॅब तीस किलोचा असतो.

@फॉस्टरची आई, 'वाढदिवसाची भेट' नको हे पोचवलं. भाच्याला सायकल मिळतेय.

लॅबवाला बाबा

सायकल तर सायकल. पण सरसकट 'पिल्लू नको' असं शीर्षक देऊ नका. असं लिहा की पिल्लू घ्यायचं तर घरी एक मोठं माणूस सहा महिने मोकळं पाहिजे, पैदास करणाऱ्याच्या घरी जाऊन पिल्लाची आई बघायला मिळाली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं घ्यायचं नाही. आई बघू देत नसेल तर तिथून निघायचं. माझ्या बायकोने तेव्हा नोकरी सोडलेली होती म्हणून आमचं जमलं, हे मान्य करतो. तरी शीर्षकाशी असहमत.

मुळाकाठची

किती घरांत एक मोठं माणूस सहा महिने मोकळं असतं? शीर्षक तेच राहील.

नवी पालक

वाचतेय सगळं. आमची मुलगी तीनची. डॉक्टर, फॉस्टर घरी कुत्रा बघायला मुलीला बरोबर न्यायचं का? आणि बघायचं नेमकं काय?

सांगलीची पशुवैद्य

पहिल्या भेटीला नेऊ नका. आधी मोठ्यांनी जा, नाहीतर मुलीने 'हाच' म्हटलं की तुमचा निर्णय झाला. दुसऱ्या भेटीला न्या, वेगळ्या वेळी. कुत्रा दमलेला असताना एकदा बघणं गरजेचं आहे, कारण चांगला स्वभाव सकाळी सगळ्यांचाच असतो. मुलीला खाली बसवा, हाक मारू देऊ नका. कुत्रा आपणहून येतो का, वास घेऊन परत जातो का, पुन्हा येतो का ते बघा. एखादं स्टीलचं भांडं पडलं तर दचकेल, ते ठीक. दचकल्यावर किती वेळात सावरतो ते महत्त्वाचं. सावरत नसेल आणि मुलं बघून मागे सरकत असेल तर तो वाईट कुत्रा नाही, पण तुमच्या घरासाठी नाही.

फॉस्टरवाल्यांना हे विचारा: झोपेतून उठवल्यावर काय करतो, तोंडातली वस्तू काढून घेता येते का, पायांना आणि कानांना हात लावू देतो का, परत करावा लागला तर तुम्ही घ्याल का. शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्यांकडूनच घ्या.

घरी आल्यावर त्याला मुलीला जाता येणार नाही अशी एक जागा द्या, टेबलाखाली गादी टाकली तरी चालेल. तिथे असताना त्याला कोणी हात लावायचा नाही. मुलगी आणि कुत्रा एका खोलीत असतील तर तिथे मोठं माणूस पाहिजे. मोबाइलमध्ये डोकं घातलेलं मोठं माणूस मी त्यात धरत नाही.

लसी आणि जंताचं औषध वेळेवर. मोठ्या कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी. आणि तरीही दात लागून रक्त आलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. घरच्या कुत्र्याची लस झालेली असली तरीसुद्धा. मुलांना ओरखडा आला तर ती लपवतात, कुत्र्याला मार बसेल म्हणून. मुलीला आधीच सांगून ठेवा की सांगितलंस तर कोणालाच मार बसणार नाही.

नवी पालक

'परत घ्याल का' हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. शनिवारी नाशिकमधल्या एका फॉस्टर घरी फोन करतेय. नवरा अजून बीगल बीगल करतोय.

लॅबवाला बाबा

बीगल?! अहो, त्यांना सांगा, बीगल नाक खाली घालून चालायला लागला की हाक ऐकू येत नाही त्याला. आणि रडतो, भुंकत नाही, रडतो. अख्ख्या मजल्याला कळतं तुम्ही घरी नाही ते. या एका बाबतीत मी मुळाकाठच्या बाईंच्या बाजूने.